माडीची जमीन

आमच्या घराच्या माडीवर सागाच्या फळ्यांची जमीन आहे. खाली ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर यांना आता लाद्या बसल्या, पण माडीवर अजून लाकूडच आहे. माझे दादाजान जहाजावर नोकरीला होते. त्यांनी आपल्या कमाईतून हे घर बांधले आणि माडीसाठी साग निवडून आणला. खालून पाहिले तर तो कडीपाट आणि वर चढून गेले तर तीच जमीन. या जमिनीला कोणते पॉलिश द्यावे, चकाकणारे की बिनचकाकीचे, एवढ्या एका प्रश्नावरून भाईजान आणि मी दोन महिने एकमेकांशी धड बोललो नाही. वाचणाऱ्याला हसू येईल. आता मलाही येते. तेव्हा येत नव्हते.

आमचे गाव श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. लॉकडाऊनचे दिवस होते. भाईजान कुवेतला, माझे पती जहाजावर. घरात अम्मी, मी आणि माझी दोन मुले. आम्ही माजघरात एका कोपऱ्यात बसून होतो आणि डोक्यावर कौले फुटल्याचा, उडाल्याचा आवाज येत होता. वारा थांबल्यावर मी माडीवर गेले तर वर आभाळ दिसत होते. नंतर ताडपत्री मिळाली, पण तोपर्यंत पाऊस सुरू झाला होता. त्या पावसाळ्यात फळ्यांनी पोटभर पाणी प्यायले. काही कडेने वर उचलल्या गेल्या, काही मधे वाकल्या, आणि जिथे जिथे लोखंडी खिळे होते तिथे काळे डाग पडले. साग कुजला नाही, ही त्याची जात. पण जमीन पाहवत नव्हती.

छप्पर आधी, जमीन नंतर, असे करत करत २०२३ चा डिसेंबर उजाडला. आमच्या कोकणात लाकडाचे काम पावसाळ्यात करू नये. हवेतली ओल लाकडात शिरते, फळी फुगते, आणि फुगलेल्या फळीवर पॉलिश चढवले की उन्हाळ्यात ती आकसून सांध्याला चिरा पडतात. म्हणून थंडीचा मुहूर्त. पैसे भाईजान पाठवणार होते. त्यांचा फोन आला.

"पैशाची फिकीर करू नकोस. जमीन अशी चमकली पाहिजे की त्यात चेहरा दिसला पाहिजे."

सोबत त्यांनी मोबाइलवर तिथल्या कुठल्याशा हॉटेलच्या दिवाणखान्याचा फोटो पाठवला. लाकडी जमिनीत झुंबर उलटे लटकलेले दिसत होते.

मी तो फोटो आमच्या सुतारमिस्त्रींना दाखवला. मिस्त्री शेजारच्या गावचे. त्यांच्या वडिलांनीही आमच्या घराचे काम केलेले. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "बाई, अशी चमक देता येईल. पण हे राहतं घर आहे. कोण कोण वावरतं वर, ते एकदा मोजा."

मी मोजले. सकाळी माझी दोन मुले दप्तरे फरपटवत माडीवरून जिन्याकडे धावतात. संध्याकाळी सोळा-सतरा मुले शिकवणीला येतात. ती जमिनीवरच बसतात, बसकी मेजे पुढे ओढतात, कंपासपेट्या पाडतात, आणि पेन चालत नसेल तर झटकतात. जुम्याच्या दिवशी मोहल्ल्यातल्या बाया कुराण पढायला जमतात. अम्मी पाची वेळची नमाज पश्चिमेच्या खिडकीपाशी पढते, कारण तिथून वारा येतो. समुद्र पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे, त्यामुळे प्रत्येकाच्या पायाला थोडीतरी वाळू असतेच. आणि भाईजान वर्षातून एक महिना येतात.

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, उर्दू माध्यमात. प्रकाशाच्या धड्यात गुळगुळीत पृष्ठभागावरून होणाऱ्या परावर्तनाला आम्ही 'बाकायदा इनिकास' म्हणतो आणि खडबडीत पृष्ठभागावरून होणाऱ्याला 'बेकायदा इनिकास'. मराठीच्या तासाला मुलांना कळते की बेकायदा म्हणजे कायद्याविरुद्ध, आणि मग ती विचारतात, "आपा, खडबडीत भिंतीने काय गुन्हा केला?" दरवर्षी हा विनोद होतो. इतकी वर्षे शिकवलेला हा धडा आपल्याच घरात उपयोगी पडेल असे मात्र मला वाटले नव्हते.

पॉलिशच्या दुकानात चार नावे ऐकू येतात. ग्लॉस, सेमी-ग्लॉस, सॅटिन आणि मॅट. चकाकी मोजायचे यंत्र असते. ते साठ अंशांच्या कोनातून प्रकाश टाकते आणि किती परत आला ते सांगते. काळी गुळगुळीत काच साधारण शंभर धरली तर ग्लॉस सत्तरच्या वर, सॅटिन तीस-चाळीसच्या आसपास आणि मॅट वीस-पंचवीसच्या खाली. कंपनीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण यात एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. एकाच जातीच्या पॉलिशमध्ये चकाकी कमी-जास्त असली म्हणून मजबुतीत मोठा फरक पडत नाही. मूळ रसायन तेच असते. चकाकी मारण्यासाठी त्यात सिलिकाची अतिशय बारीक पूड घातलेली असते. ती पूड वाळलेल्या थरावर सूक्ष्म खडबड करते आणि प्रकाश एका दिशेने परत न जाता विखुरतो. आमच्या मुलांच्या भाषेत, बेकायदा होतो.

आता ओरखड्याचे पाहा. ग्लॉसच्या आरशासारख्या थरावर एक ओरखडा पडला की तेवढ्या रेघेवर प्रकाश विखुरतो आणि ती पांढरी रेघ लांबून ओरडून सांगते की मी इथे आहे. सॅटिनवर किंवा मॅटवर तेवढाच खोल ओरखडा पडतो, पण आजूबाजूला सगळीकडे प्रकाश आधीच विखुरलेला असतो. गर्दीत एक माणूस जसा हरवतो तसा तो हरवतो. धुळीचे तेच, पायाच्या ठशांचे तेच. गंमत म्हणजे ओरखडे काढणारी समुद्राची वाळू बहुतेक सिलिकाच असते. डब्यातली पूड चकाकी लपवते आणि पायाची वाळू चकाकी खाते. एकाच खानदानातले दोघे.

मी हे सगळे भाईजानना फोनवर समजावून सांगितले. ते म्हणाले, "तू मास्तरीण आहेस, तुझं बरोबरच असेल. पण एवढे पैसे घालून जमीन जुनीच दिसणार असेल तर लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे कोण, हे मला माहीत होते. आमच्या मोहल्ल्यात आखाती पैशातून बांधलेले बंगले आहेत. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचे कठडे, रंगीत काचा. बारा महिन्यांपैकी अकरा महिने त्यांना कुलूप. त्यांच्या जमिनी खरोखर चमकतात, कारण त्यांच्यावर कोणी चालत नाही.

पण भाईजानना मी या हिशेबात धरणेही बरोबर नव्हते. अठरा वर्षे त्यांनी तिकडे काढली. सुरुवातीची किती तरी वर्षे एका खोलीत आठ जण राहत. अब्बांचा इंतकाल २०१७ साली झाला, तेव्हा त्यांना मयतीला पोहोचता आले नाही. एवढ्या वर्षांच्या घामाचे डोळ्यांना दिसेल असे काहीतरी त्यांना हवे होते. हे मला आज लिहिता येते. त्या दिवशी मात्र मी रागाने म्हणाले, "पैसे तुमचे असतील, पाय आमचे आहेत. आणि घरात माझाही हिस्सा आहे."

फोन काही वेळ शांत राहिला. मग कट झाला.

आमच्यात हिस्स्याचे कोणी बोलत नाही. हिशेब तसा सरळ आहे. दादा-दादी अब्बांच्या आधीच गेलेले. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. शरियतप्रमाणे चोवीस भाग केले तर तीन अम्मीचे, चौदा भाईजानांचे आणि सात माझे. लग्न झालेली बहीण हे सात भाग तोंडाने मागत नाही. वेळ आली की हक्कसोड पत्रावर सही करते आणि माहेर राखते. मीही तेच करणार होते. पॉलिशच्या डब्यावरून माझ्या तोंडून ते निघून गेले, आणि निघाल्यावर मला कळले की ते आत किती दिवसांपासून होते.

काम तर थांबवता येत नव्हते. मिस्त्री म्हणाले, "बाई, भांडणाने ठरत नाही. नमुने करून बघू." बदललेल्या फळ्यांतून तीन तुकडे उरले होते. त्यांनी ते आधी जाड्या आणि मग बारीक पॉलिशपेपरने घासले, सागाचे तेल निघावे म्हणून थिनरच्या फडक्याने पुसले, आणि एकावर ग्लॉस, एकावर सॅटिन, एकावर मॅट असे थर दिले. तिन्ही तुकडे आम्ही जिन्याच्या तोंडाशी, सगळ्यांचे पाय पडतील असे ठोकले. बी.एड.ला आम्हाला मूल्यमापनाचा तक्ता करायला शिकवले होते. तसा तक्ता मी वहीत केला. धूळ, ओरखडे, डाग, पुसायला सोपे, पायाला कसे लागते.

मुलांनी पहिल्याच दिवशी मतदान केले. ग्लॉस भरघोस मतांनी निवडून आला, कारण त्यात वाकून दात पाहता येत होते. पण दुसऱ्या दिवशी त्याच्यावर अनवाणी पायांचे तेलकट ठसे उमटले. आठवड्याने केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. मॅटवर रेघा दिसत नव्हत्या, पण खोबरेलाचा एक डाग पुसता पुसता माझा हात दुखला. शिवाय सागाच्या रेषा त्याच्यावर थोड्या मेल्यासारख्या, राख फासल्यासारख्या वाटत होत्या. सॅटिन कशातच पहिला आला नाही आणि कशातच नापास झाला नाही. असे विद्यार्थी आम्हा शिक्षकांच्या लक्षात राहत नाहीत, पण वर्ग त्यांच्यावरच चालतो.

एक गोष्ट माझ्या तक्त्यात नव्हती. ती अम्मीने दाखवली.

अम्मीच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले होते आणि ती आज-उद्या करत होती. एके दिवशी असरच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले आणि ग्लॉसच्या फळीवर पडले. अम्मी वुजू करून वर येत होती. शेवटच्या पायरीवर ती थबकली. "पाणी कुणी सांडलं गं?" असे म्हणत तिने साडी घोट्यावर उचलली आणि फळी टाळण्यासाठी बाजूला पाय टाकला. बाजूला जिन्याचा कठडा होता, आणि तो अजून बसवायचा होता. मिस्त्री तिथेच वाकून काम करत होते. त्यांनी तिचा दंड धरला म्हणून बरे.

ती खाली बसली. मी पाणी आणले. घाबरायचे ते मी घाबरले होते. ती हसत होती.

"बिल्कीससारखं झालं माझं," ती म्हणाली.

लहानपणी ही गोष्ट आम्ही तिच्याच तोंडून ऐकलेली. सबाची राणी हजरत सुलेमान यांच्या महालात येते. जमीन काचेची असते. तिला ते पाणी वाटते आणि ती पायावरचे वस्त्र वर उचलते. कुराणात सूरह नम्लमध्ये हा प्रसंग आहे. राणीचे बिल्कीस हे नाव मात्र परंपरेने आलेले.

मिस्त्री म्हणाले, "आमच्यात मयसभा. दुर्योधनाला जमीन पाण्यासारखी दिसली, आणि पाणी जमिनीसारखं दिसलं तिथे तो पडला."

"मग?" अम्मीने विचारले.

"मग काय, द्रौपदी हसली म्हणतात, आणि महाभारत झालं."

"आमची राणी ईमान घेऊन आली," अम्मी म्हणाली. मग दोघेही बराच वेळ आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलत बसले.

निसरडेपणा चकाकीमुळेच येतो असे नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. ओल, मेण, धूळ आणि पायातले मोजे यांचा दोष त्यात जास्त असतो. मॅट जमिनीवरही पाणी सांडले की माणूस घसरतो. पण ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्याला चमक टोचते, आणि जिथे पाणी नाही तिथे पाणी दिसते. हे म्हातारपण प्रत्येक घरात कोणाचे ना कोणाचे असतेच.

रात्री मी भाईजानना फोन केला. अम्मीचे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "लागलं तर नाही ना तिला?" मग म्हणाले, "करा तुम्हाला हवं ते." याला होकार म्हणतात हे मला ठाऊक होते आणि हा होकार नव्हता हेही ठाऊक होते. तरी मी सॅटिन ठरवले.

जानेवारीत काम झाले. मिस्त्रींनी खिळे खोल ठोकून भोके बुजवली, सगळी जमीन घासली, भुसा दोनदा झाडून ओल्या फडक्याने टिपला. पहिले दोन थर ग्लॉसचे आणि वरचा एकच थर सॅटिनचा. सिलिकाचे थरावर थर चढवले तर लाकूड धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. खालचे थर स्वच्छ ठेवले की सागाच्या रेषा खोल दिसतात. डबा उघडल्यावर ते काठीने तळापासून ढवळत राहिले, कारण पूड तळाशी बसते आणि न ढवळता लावले तर अर्धी जमीन चमकते, अर्धी नाही. आम्ही पाच दिवस खालीच झोपलो. पंधरा दिवस चटई अंथरायची नाही, असे त्यांनी बजावले होते. बसक्या मेजांच्या पायांना मुलांनीच जुन्या नमद्याचे तुकडे चिकटवले. जिन्याच्या खाली आणि वर दोन पायपुसणी टाकली. वाळूचा बंदोबस्त एवढाच.

काम संपताना मिस्त्री म्हणाले, "एक लक्षात ठेवा. हे घासून घासून कुठे कुठे चमकायला लागेल. तेव्हा माझ्या नावाने ओरडू नका."

मे २०२४ मध्ये भाईजान आले. भाभी आणि मुलेही. माडीवर जाऊन त्यांनी जमीन पाहिली. "चांगलं काम झालंय," म्हणाले आणि खाली आले. दोन दिवस तो विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले तर ते उघड्या जमिनीवर उताणे पडले होते. उशीही नव्हती. ऊन खिडकीतून आत येऊन त्यांच्या पायांपर्यंत पोहोचले होते. जमीन त्या उन्हात मधासारखी दिसत होती.

"अब्बा ईदच्या आदल्या रात्री हिला जवसाच्या तेलाचा हात मारायचे. आठवतं?" त्यांनी विचारले.

मला पुसट आठवत होते. मी लहान होते. आम्हाला खाली झोपवत आणि अब्बा रात्री उशिरापर्यंत वर जुने धोतर घेऊन जमीन पुसत.

"सकाळी नवे कपडे घालून वर आलो की ही चमकायची. तिकडे इतकी वर्षं ईदच्या दिवशी मला हीच जमीन आठवायची. ती चमक मला पाहिजे होती. हॉटेलचा फोटो काय, तो आपला मिळाला म्हणून पाठवला."

मी काय बोलणार? तेलाच्या हाताने लाकडाला आरसा येत नाही. लाकूड आतून उजळते एवढेच. अब्बांची ईदची चमक मोजली असती तर सॅटिनच्याच घरात पडली असती. दोन महिने आम्ही एकाच गोष्टीसाठी भांडलो होतो, आणि दोघांनाही तिचे नाव माहीत नव्हते. त्यांच्याकडे वर्षातल्या एका सकाळची आठवण होती आणि माझ्याकडे बाकीच्या दिवसांचा झाडू.

मग त्यांनी छताकडे पाहत दुसरे वाक्य म्हटले. "तू त्या दिवशी हिश्श्याचं बोललीस. ते बरोबर होतं. मला राग आला तो तू मागितलंस म्हणून नाही. मी सात वर्षांत स्वतःहून बोललो नाही म्हणून."

मी म्हणाले, "मला विकायचं-बिकायचं नाही काही."

"माहीत आहे. पण उताऱ्यावर नाव पाहिजे. तुझं आणि अम्मीचंही."

त्या सुट्टीत ते झाले नाही. कागद जमवण्यात महिना गेला. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा झाले. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर आता आमची तिघांची नावे आहेत. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हे वाचणाऱ्या बहिणींपैकी अनेकींच्या घरी हा हिशेब अजून कोणी कागदावर मांडलेला नसेल. तो मांडल्याने माहेर तुटतेच असे नाही. आमचे तुटले नाही.

त्याच मुक्कामात, २०२५ च्या मे महिन्यात, भाईजान माडीवर उभे राहून जमिनीकडे तिरके पाहत होते. अम्मीचे दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झालेले होते आणि ती आता आम्हालाच कोपऱ्यातला कचरा दाखवत होती. त्यांनी मला बोलावले. जिन्याच्या तोंडापासून पश्चिमेच्या खिडकीपर्यंत, हातभर रुंदीची एक वाट बाकीच्या जमिनीपेक्षा जास्त चमकत होती.

"इथे वेगळं पॉलिश मारलंस का?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणाले. "अम्मी रोज पाच वेळा इथून जाते."

ते थोडा वेळ त्या वाटेकडे पाहत राहिले. खाली अजान झाली. अम्मी वुजू करून जिना चढू लागली, तेव्हा आम्ही दोघेही त्या वाटेवरून बाजूला झालो.